कादंबरीत गेलेलं वावर

माझी पहिली कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचणारा पहिला वाचक कोण, हे मला एका तक्रारीच्या फोनमुळे कळलं. फोन माझ्या गावाहून, असोद्याहून होता. आमच्या मळ्याला लागून ज्यांचा मळा आहे त्या आबांचा मुलगा बोलत होता.

"ताई, तुम्ही पुस्तकात काय लिहून ठेवलं? आबा म्हणतात, नाल्याकडच्या वावरात यंदा केळी लावायची नाही. मी दोन्ही वावरांची रोपं बुक करून बसलोय. नर्सरीवाला रविवारपर्यंत थांबतो म्हणतो, नंतर दुसऱ्याला देऊन टाकेल."

"पण भाऊ, ती कादंबरी आहे."

"ते तुम्ही येऊन त्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत. पान उघडून दाखवतात."

बुधवार होता. मी धुळ्याच्या प्रयोगशाळेत, हातात मातीची चाळणी घेऊन उभी होते. खरं सांगायचं तर भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला. पान उघडून दाखवतात म्हणजे पुस्तक वाचलंय. तोवर ज्यांना ज्यांना मी पुस्तक दिलं होतं त्यांनी मुखपृष्ठ छान आहे, कागद चांगला आहे, एवढंच सांगितलं होतं. पुस्तकाच्या आत गेलेला एक माणूस सापडला होता, आणि आता त्याला बाहेर काढायला मलाच जायचं होतं.

ही कादंबरी सुचली ती त्या प्रयोगशाळेतच. मी तिथे शेतकऱ्यांनी आणलेली माती तपासते. माती कशाकशातून येते ते पाहण्यासारखं असतं. साडीच्या दुकानाची पिशवी, बिस्किटांचा रिकामा पुडा, एकदा तर लग्नात आहेर मिळालेला कोरा टॉवेल. प्रत्येक नमुन्यासोबत एक चिठ्ठी लागते: नाव, गाव, गट नंबर, मागील पीक, पुढील पीक. एकदा पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याने 'पुढील पीक' ही जागा कोरी सोडली होती. मी फोन करून विचारलं तर म्हणाला, "ते तुम्हीच जमिनीला विचारून सांगा ना." तो सहज बोलला. मला मात्र ते वाक्य सोडेना. जमीन खरंच उत्तर द्यायला लागली तर? ती नाही म्हणाली तर?

तेवढ्यावर मी लिहायला बसले. बसले असं म्हणायचं, लिहिलं बरंचसं धुळे-जळगाव एसटीत, मोबाइलवर, अंगठ्याने. गोष्ट पन्नास वर्षांनंतरच्या खान्देशातली. त्यात जमिनीला आठवण असते. वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं गेलेलं एक वावर एके दिवशी केळी घ्यायचं नाकारतं. संध्याकाळी लावलेली रोपं सकाळी बांधावर ओळीने ठेवलेली सापडतात, मुळांना मातीचा कणही न चिकटलेली. मग ते एका वावरातून दुसऱ्या वावरात पसरत जातं. याला विज्ञानकथा म्हणायचं की आणखी काही, हे मला तेव्हाही सांगता येत नव्हतं, आताही पुरतं येत नाही. मी विज्ञान शिकलेली, पण रोपं बांधावर कोण ठेवतं हे मला विज्ञानातून सांगता आलं नव्हतं. तीच गंमत वाटत होती.

दोन प्रकाशकांना पाठवली. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याने कळवलं की विषय वेगळा आहे, पण आमच्याकडे अशा पुस्तकांना वाचक नाही. मग मी ठरवलं, स्वतःच छापू.

जळगावातल्या ज्या छापखान्यात गेले, तिथे मुख्यतः लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापली जात. मालक काका चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिले.

"कवितासंग्रह?"

"नाही, कादंबरी. पन्नास वर्षांनंतरची."

"मग पन्नास वर्षांनीच छापू की. एवढी घाई काय?"

पण माणूस मायेचा. माझा मोबाइलवरचा मजकूर त्यांच्या संगणकात उघडला तर जोडाक्षरं सुटून पडली होती. तीन शनिवार मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून ती पुन्हा जोडत बसले. एकीकडे मशीनवर कुणाच्या तरी हळदीचं आमंत्रण छापलं जात होतं. शेवटच्या शनिवारी मुखपृष्ठ पडद्यावर आलं तेव्हा काकांनी विचारलं, "नावाखाली शिक्षण टाकायचं ना?"

आमच्याकडे लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलामुलीच्या नावाशेजारी पदवी छापतात. बारावी असेल तरी छापतात. काकांच्या हाताला ती सवय होती आणि माझ्या मनाला ती हौस. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील सातवी, आई चौथी. मी विचारच केला नाही. 'बी.एस्सी., माती परीक्षण, धुळे' असं माझ्या नावाखाली छापलं गेलं, तेही नावापेक्षा जरा ठळक, कारण काकांच्या मते नाव सगळ्यांनाच असतं. त्यांनी ते लाल रंगात घेतलं.

कादंबरीवर लेखकाची पदवी नसते, हे मला त्यानंतर धुळ्याच्या बसस्थानकाजवळच्या पुस्तकांच्या स्टॉलवर समजलं. तिथे मी पाच प्रती ठेवायला घेऊन गेले होते. स्टॉलवाल्या नानांनी पुस्तक उलटसुलट केलं, नावाखालची ओळ वाचली आणि अहिराणीत म्हणाले, "हाई काय शे? खतंसनं पुस्तक शे का?"

"नाही नाना, गोष्ट आहे."

"खरी शे का मननी?"

"मनाची."

"मंग हाई डिग्री कसाले? लोकेसले बठ्ठं खरं वाटी ना, माय."

पदवी पाहून लोकांना सगळंच खरं वाटेल, ही त्यांची काळजी ऐकून मी हसले. त्यांनी पाचही प्रती स्पर्धा परीक्षांच्या आणि शेतीच्या पुस्तकांच्या मधे उभ्या करून ठेवल्या. त्या जागेचाही अर्थ मला तेव्हा लागला नाही.

असोद्यात वाटप वडिलांनी केलं. ज्या घरी जाऊन देत, तिथे "पोरीनं शेतीवर पुस्तक लिह्यलं" असं सांगत. कादंबरी हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता आणि शेती तर त्यात होतीच.

गुरुवारी रजा टाकून मी निघाले. बसमध्ये पुस्तक पुन्हा उघडलं, आबा कुठलं पान दाखवत असतील ते शोधायला. नाकारणाऱ्या वावराचं पहिलं वर्णन वाचलं आणि माझे कान तापले. नाल्याचं वळण, विहिरीवरची एका बाजूला झुकलेली लोखंडी कमान, बांधावर जोडीने उभी दोन निंबाची झाडं, त्यातलं एक वीज पडून अर्धं जळालेलं. हे मी कल्पनेने लिहिलंय असं समजत होते. ते आबांचं वावर होतं. लहानपणी आमच्या मळ्यातून समोर रोज दिसणारं. पन्नास वर्षं पुढची गोष्ट लिहिताना मी लांब कुठे गेलेच नव्हते. शेजाऱ्याचा बांध ओलांडून त्याच्या वावरात उभी राहिले होते, त्याला न विचारता.

आणि आबा कुणी परके नव्हते. बारावीनंतर जळगावच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला आम्ही तिघं त्यांच्या मोटारसायकलवर गेलो होतो. पुढे आबा, मधे मी, मागे वडील. खिडकीतल्या बाईंनी "पालक कोण?" विचारलं तेव्हा वडील दोन पावलं मागे सरकले आणि आबांनी हात वर केला. फॉर्म कसा भरायचा हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण विचारायची लाज त्यांना वाटत नसे. "हे काय ये? इथं काय लिहू? याच्यानं काय व्हते?" असं विचारत विचारत त्यांनी अर्धा तास ती खिडकी अडवून धरली होती. मागच्या रांगेतून टोमणे येत होते, आबा मागे वळून "थांब रे भाऊ, पोरीच्या शिक्षनाचं काम ये" म्हणत होते.

मी पोचले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, आत पापडाचं पीठ कुटत होती. पुस्तक आबांच्या मांडीवर होतं. कडा मऊ पडलेल्या, मधे ठिकठिकाणी केळीच्या वाळक्या पानाच्या पट्ट्या खुणेला घातलेल्या.

"ये माय," आबा म्हणाले. "मी म्हनलंच व्हतं, पोरगी येईन म्हनून."

"रोज संध्याकायी वाचून दाखवलं मले," अक्का आतून म्हणाली. "दोनदा. माह्या स्वयंपाकाची वाट लावली तुह्या पुस्तकानं."

मुलगा दारातच उभा होता. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे करा सुरू.

मी सरळ सांगितलं. आबा, हे सगळं मी मनाने रचलंय. असं कुठे घडलेलं नाही. नावाखाली पदवी छापली ती माझी चूक झाली. तुमचं वावर त्यात आलं तेही न कळत आलं, त्याची मी माफी मागते. यावर विसंबून तुम्ही केळी थांबवू नका.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग एक पट्टी काढून पान उघडलं.

"रोपं आपोआप बांधावर येऊन बसतात, हे गोष्टीचं. ते मले समजते. मी काय एवढा येडा नाही." त्यांनी पुढची पट्टी काढली. "पन हे. जमीन देऊन देऊन दमते अन् एक दिवस हात आखडते. हे तू त्या लॅबमदी पाह्यलं असशीन. त्याच्याशिवाय कसं लिहिशीन?"



"आबा, पुढे काय होणार ते कुणालाच सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मग आखाजीले आम्ही काय करतो?" त्यांनी ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. अक्षय तृतीया होऊन आठवडा झाला होता. पाण्याच्या घागरीखाली ठेवलेली मातीची चार ढेकळं तिथे अजून तशीच होती, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन अशा चार महिन्यांची. ज्या महिन्याचं ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त, असं धरतात. "यंदा श्रावन कोरडा निघाला. आता पाऊस काय ढेकयाले इचारून येते का? नाही येत. पन ते पाह्यल्यावर मी म्हनलं, श्रावनात खरंच नाही आला तर पानी कुठून घ्याचं? तवा विहिरीची मोटर दुरुस्तीले टाकली."

"मोटर टाकली ते बरं केलं," मुलगा म्हणाला. "पण रोपांचं काय?"

"तू थांब जरा. मी हिच्याशी बोलू राह्यलो." आबा माझ्याकडे वळले. "तुझं पुस्तक वाचलं तवा मी हिशोब केला. नाल्याकडच्या वावरात केयी कधीपासून ये? याच्या जन्माच्या वर्षी लावली. त्याच्या नंतर मधे कधी दुसरं पीक घेतलं, मले आठवेच ना. हिले इचारलं, हिलेही आठवेना. तीस वर्सं मी त्या जमिनीले काही इचारलंच नाही."

"इचारत नाही हे कोनालेच," अक्का आतून म्हणाली. "मलेही नाही इचारत."

मुलगा हसला, पण लगेच गंभीर झाला. "ताई, बाकी सगळ्या गावात केळी आहे. कुणाची जमीन नाही दमली. एक हंगाम सोडला तर घरात काय येणार, हे पुस्तकात आहे का?"

ते पुस्तकात नव्हतं. माझ्या कादंबरीत वावर नाकारतं तेव्हा लोक आश्चर्य करतात, भांडतात, शहरात मोर्चा नेतात. पण त्या वर्षी त्यांच्या घरात काय शिजतं, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. त्याचा प्रश्न मला अजून टोचतो.

आबांनी खिशातला पेन काढला आणि पुस्तकाचं शेवटचं कोरं पान माझ्यासमोर धरलं. "तू म्हनते ना सगळं मनानं रचलं? मग इथं लिहून दे. नाल्याकडचं वावर यंदा केयी घेईन म्हनून. खाली सही कर. तू सांगशीन तसं करतो."

मुलाचा चेहरा मोकळा झाला. "द्या लिहून ताई, विषय संपला."

मी पेन घेतला. एक ओळ लिहायची होती, आणि ती लिहिली असती तर मी ज्या कामासाठी आले होते ते काम झालं असतं. पण ती ओळ लिहायची म्हणजे पुन्हा तेच होणार होतं. माझी पदवी आणि माझी कल्पना एकाच पानावर. दीडशे पानं मी बेधडक रचून लिहिली होती, आणि ही एक ओळ माझ्याने रचवेना. कारण आबा ही ओळ गोष्ट म्हणून वाचणार नव्हते.

मी लिहिलं, 'मला माहीत नाही. माती तपासून रविवारी सांगते.' आणि सही केली.

आबांनी ते मोठ्याने वाचलं. "बरं," म्हणाले, आणि खुरपं घ्यायला उठले.

आम्ही चौघंही वावरात गेलो. अक्का घर बंद करून मागून आली, म्हणाली मलाही बघू द्या कशी काढतात. उन्हाने जमीन तापली होती. मी नागमोडी चालत दहा जागी खड्डे घेतले, प्रत्येक खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत कापून घमेल्यात टाकली. आबांचे प्रश्न संपत नव्हते. बांधाजवळची का नाही घेत? झाडाखालची का नाही? सगळी एकत्र केली तर कोणती कुठली हे कसं कळेल? मी माती पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन फेकले, उरलेली पुन्हा मिसळली, पुन्हा चार भाग. शेवटी ओंजळभर उरली. आबा ती ओंजळ बघत म्हणाले, "म्हनजे एवढ्याशात सगळं वावर बोलनार." मला वाटलं, हे मला लिहिताना सुचायला हवं होतं.

चिठ्ठी मुलाने भरली. मागील पीक: केळी. पुढील पीक लिहायच्या जागी तो थांबला आणि त्याने आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "राहू दे."

मे महिन्यात धुळ्याला माती सावलीतही एका दिवसात वाळते. शुक्रवारी वाळवली, शनिवारी मी स्वतः तपासली. नेहमी साठ-सत्तर नमुन्यांत एक आकडा इकडेतिकडे झाला तर पुन्हा लावते. हा नमुना मी तीनदा लावला. काय यावं असं मला वाटत होतं, हे माझं मलाच कळत नव्हतं. आकडे वाईट आले तर माझी कादंबरी थोडी खरी ठरत होती आणि त्या घराचा हंगाम जात होता.

रविवारी सकाळी अहवाल घेऊन मी ओट्यावर हजर झाले. आबांनी चष्मा लावला, अक्काला बाहेर बोलावलं आणि माझं पुस्तक ज्या सुरात वाचत असतील त्याच सुरात वाचायला लागले. सामू, जास्त. क्षारता, साधारण. नत्र, कमी. स्फुरद, मध्यम. पालाश, भरपूर. प्रत्येक शब्दाला थांबत आणि अर्थ विचारत. सेंद्रिय कर्बाशी, म्हणजे मातीचा कस ज्यावर टिकतो त्याच्याशी, आले. "खूप कमी." पुन्हा वाचलं. "खूप कमी."

"म्हणजे दमलीय?" मुलाने विचारलं.

"भुकेली आहे," मी म्हणाले. "केळी येईल. खत वाढवत राहावं लागेल, दरवर्षी थोडं जास्त. किती वर्षं तसं चालेल, ते यातून कळत नाही."

आबांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"पुढं काय व्हते?"

"पुढे नाही आबा. अहवाल एवढाच असतो."

"तुझ्या पुस्तकात तरी पुढं व्हतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, शोध होता. मुलगा बोटांवर काहीतरी मोजत होता. मग तोच म्हणाला, "ताई, ताग पेरला तर? पावसावर पेरायचा, फुलावर आला की जमिनीत गाडायचा, त्याचंच खत होतं. मग ऑक्टोबरात केळीचा कांदेबाग लावता येईल."

"दोन्ही वावरांत नको," आबा म्हणाले. "रस्त्याकडच्या वावरात केयी लाव. नाल्याकडं ताग."

"म्हणजे अर्धी रोपं."

"अर्धी."

 मुलाला ते पुरतं पटलं नव्हतं, हे दिसत होतं. पण सूचना त्याचीच होती. त्याने फोन काढला, नर्सरीवाल्याला लावला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरा बोलू लागला. पलीकडून बहुतेक कारण विचारलं गेलं असावं.

"नाही नाही, पैशाची अडचण नाही," तो म्हणाला. मग थांबला, एकदा आमच्याकडे वळून पाहिलं. "आमच्या जमिनीला विचारलं. ती म्हणाली, यंदा थोडं थांबा."